सळई घेऊन कुडाळ, वाळू घेऊन परत

पहिला दिवस : कळंबोली

सकाळी सातला लोखंड बाजारात नंबर लावला. शेवटची साखळी आवळून झाली तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

मोठ्या गाडीवर येऊन मला आता आठ महिने झाले. त्याआधी चार वर्षं पिकअप चालवली. आंब्याच्या दिवसांत संध्याकाळी रत्नागिरीत पेट्या भरायच्या आणि पहाटे वाशी मार्केट गाठायचं, एवढंच काम माहीत होतं. दहाचाकीवर निम्मं काम गाडी उभी असताना चालतं. काटा करा, बिल्टीची, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीची, वाट बघा, क्रेनवाला जेवून येईपर्यंत थांबा. सुरुवातीला या थांबण्याचा फार त्रास व्हायचा. आता दुपारी गाडीखाली सावलीत गोधडी टाकतो आणि झोप काढून घेतो, कारण रात्री ती मिळेलच असं नसतं.

माल होता कुडाळच्या एका हार्डवेअरवाल्याची सळई. सळई मी याआधी एकदाच नेली होती, तीही तात्या शेजारी बसलेले असताना. तात्या माझे उस्ताद. तीस वर्षं लाइनीवर आहेत. त्यांच्याच गाडीवर मी चार महिने किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, होतो आणि त्यांनी शेठला सांगितलं म्हणून मला ही गाडी मिळाली. या खेपेला ते माझ्या गाडीतून खेडपर्यंतच येणार होते. त्यांच्याकडे तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीपासूनच सुरू होतात, त्यामुळे त्यांना काही करून दुसऱ्या दिवशी गावात पोचायचं होतं. पुढचा परशुराम घाट १८ टन लोखंड घेऊन मला एकट्याने उतरायचा होता. दिवसभर डोक्यात तेच.

सळईची लांबी १२ मीटर असते. आमच्या बॉडीत ती सरळ मावत नाही, म्हणून मधोमध दुमडून आणतात. ८, १२ आणि १६ एमएमचे बंडल होते. बाजारातल्या मुकादमाने मला वजनाचा हिशोब शिकवला: सळईच्या व्यासाचा वर्ग करायचा आणि त्याला १६२ ने भागायचं, की मीटरमागचे किलो मिळतात. १२ एमएमची एक अख्खी सळई साडेदहा किलोच्या थोडी वर जाते. दहावी झाल्यावर गणिताशी संबंध संपला होता, पण हे गणित मी बिल्टीच्या मागे तीन वेळा करून पाहिलं आणि काट्याशी जुळलं तेव्हा बरं वाटलं.

तात्या पाच वाजता आले आणि भरण्यावर लक्ष ठेवून उभे राहिले. त्यांचं म्हणणं एकच होतं, सळई केबिनच्या पाठीला चिकटून बसली पाहिजे, मध्ये हातभर जागा नको. ब्रेक लागला की गाडी थांबते, पण सुटं लोखंड थांबत नाही. मधे जागा असली तर ते वेग घेऊन केबिनवर येतं. अशा गाड्या त्यांनी पाहिल्या आहेत. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत.

साखळ्या आवळून झाल्यावर त्यांनी पहार घेतली आणि प्रत्येक साखळीवर एकेक टोला दिला. आवळलेली साखळी खणखणते, सैल असली तर बद्द वाजते. चौथी बद्द वाजली. "ही परत घे," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

कागद हातात आले. बिल, बिल्टी, ई-वे बिल. ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणून कुडाळला ३ दिवस. रात्री गाडीतच झोपलो.

दुसरा दिवस : कळंबोली ते चिपळूण

पहाटे साडेतीनला निघालो. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरला. वडखळला उजाडत होतं. शिमग्याला गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्या रात्रीपासून वाहत होत्या. त्यांची घाई मला समजते, मी पण त्यांच्यातलाच. पण भरलेली गाडी त्यांना वाटते तशी थांबत नाही. समोरच्या मोकळ्या जागेत कुणी कार घुसवली की ती जागा मी माझ्या ब्रेकसाठी राखलेली असते, हे कारवाल्याला दिसत नाही.

पनवेल ते इंदापूर हा पट्टा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा मी शाळेत होतो. काही ठिकाणी आता काँक्रीटवर गाडी पाण्यासारखी जाते आणि मग अचानक वळवलेला रस्ता, खड्डा, पाटी नाही. सळईची गाडी खड्ड्यात गेली की मागून सगळं लोखंड एकदम ओरडतं. त्या आवाजाने पहिल्या खेपेला माझे हात थरथरले होते.

कोलाडला तात्यांनी रेल्वेकडे बोट दाखवलं. इथून भरलेले ट्रक सरळ मालगाडीच्या उघड्या डब्यावर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला किंवा खाली कर्नाटकात सुरत्कलला उतरतात. कोकण रेल्वेची ही रो-रो १९९९ पासून चालू आहे. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये बसून राहतो, गाडी गाडीवर बसून जाते. तात्या अनेकदा गेलेत. म्हणाले, "पयल्या खेपेला बोगद्यात माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला." साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवलचा पूल त्यांनी आपल्या स्टिअरिंगमागे बसून पाहिलाय. कुडाळच्या मालाला त्याचा उपयोग नाही, पण एकदा मला त्या गाडीने जायचं आहे.

माणगावात दीड तास गेला. महाडला सावित्रीच्या पुलावर तात्यांनी हात जोडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला. तात्या म्हणाले, "त्या एसटीवाल्यांच्या जागी मी असतो तर मला तरी काय दिसणार होतं? अंधार, पाऊस, रोजचा रस्ता." पोलादपूर येईपर्यंत मग दोघंही गप्प होतो.

कशेडीला आता बोगदा आहे. घाटाची तीस-चाळीस मिनिटं वाचतात, डिझेल वाचतं. मी बोगद्याच्या रस्त्याला लागणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "आज घाटाने चल."

"तात्या, शेठ डिझेल विचारतील."

"शेठला मी सांगीन. बोगद्यात काय शिकणार तू? मी खेडला उतरणार, मग परशुरामला तुझ्याबरोबर कोण हाय?"

म्हणून जुन्या कशेडी घाटाने गेलो. चढताना बोलायला वेळ असतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात, माणूस चालेल त्या वेगाने, उजव्या हाताला दरी आणि उन्हाने वाळलेलं गवत. मधेच पानं गळालेली सावर लालभडक फुललेली. तात्यांनी तेवढ्यात सगळं परत एकदा सांगितलं. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर पाडायचा, उतारावर लागल्यावर पाडायला गेलास आणि गिअर पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये तुझ्या हातातून गेली. ज्या गिअरमध्ये चढतोस त्यातच उतरायचं. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग धरणारा ब्रेक, चालू ठेवायचा. पायाचा ब्रेक दाबून धरायचा नाही, घट्ट मारायचा आणि सोडायचा. दाबून धरला की ड्रम तापतो, फुगतो, त्याला घासून पकड देणारा लायनर गुळगुळीत होतो आणि मग पाय तळाला गेला तरी पकड येत नाही. आणि पुन्हापुन्हा पंप करत बसलास तर ब्रेक ज्यावर चालतो ती टाकीतली हवा संपते.

हे सगळं मला पाठ आहे. तरी खवटीच्या बाजूला उतार लागला आणि एका वळणावर माझा पाय ब्रेकवर राहिला. तात्या रस्त्याकडे बघत होते, माझ्या पायाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. म्हणाले, "उचल." त्यांनी ते कशावरून ओळखलं मी नंतर विचारलं. हवेच्या काट्यावरून आणि आवाजावरून, म्हणाले.

खाली आल्यावर गाडी बाजूला घेतली. तात्या उतरले आणि एकेका चाकाजवळ जाऊन त्यांनी उलटा पंजा धरला. हात लावायचा नाही, फक्त जवळ न्यायचा. पुढची दोन, मग मागच्या जोड्या. मलाही तसं करायला लावलं. सगळ्यांची ऊब सारखी असली पाहिजे. एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय आणि एखादं गारच असेल तर तिथला लागतच नाही. "मेकॅनिक घाटात भेटत नाय," तात्या म्हणाले. "हात तेवढा बरोबर असतो."

भरणे नाक्याला ते उतरले. पिशवीत नातीसाठी पिचकारी होती. "परत येताना फोन कर," म्हणाले आणि रिक्षात बसून गेले.

केबिन एकदम मोठी वाटायला लागली.

भोस्ते घाट चढलो, लोट्याचं सपाट संपत आलं आणि परशुरामच्या माथ्यावर मोकळी जागा बघून गाडी उभी केली. पहार काढली. चारही साखळ्यांवर टोला दिला. तिसरी मला बद्द वाटली, खरं म्हणजे ती बरोबर होती, तरी अर्धा पीळ दिला. हवेचा काटा भरलेला. पाणी प्यालो. मग देवळाच्या दिशेने बघून नमस्कार केला आणि तिसरा टाकला.

परशुराम घाटाने गेल्या काही वर्षांत खूप पाहिलं आहे. दरडी आल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात डोंगर कापायच्या कामासाठी हा घाट रोज काही तास बंद ठेवायचे. तेव्हा मी पिकअपमध्ये आंबे घेऊन रांगेत उभा असायचो आणि पुढच्या मोठ्या गाड्यांवर चिडायचो. आज माझ्या मागे रांग होती. एक कारवाला सतत हॉर्न देत होता. मी आरशात त्याला पाहिलं आणि मग पाहणं बंद केलं. इंजिन घुमत होतं, एक्झॉस्ट ब्रेकचा फुर्र आवाज येत होता, वळणाआधी एकदा घट्ट ब्रेक, सोड. ब्रेक मारला की पाठीमागे सळई एकदाच दबून "खळ्ळ" करायची आणि गप्प व्हायची. ती गप्प होत होती म्हणजे साखळ्या धरून होत्या. मग मी त्या आवाजाचीच वाट बघायला लागलो. खाली वाशिष्ठीचं पाणी, खाडीकडे जाणारी वळणं, संध्याकाळचं ऊन. सौंदर्य वगैरे मला तेव्हा दिसलं नाही, पण आज लिहिताना ते पाणी अगदी नीट दिसतंय.

खाली आलो. घामाने शर्ट सीटला चिकटला होता. गाडी बाजूला घेऊन दहाही चाकांजवळ उलटा हात धरला. मागचं डावं जरा जास्त गरम वाटलं. परत धरून पाहिलं, नक्की सांगता येईना. हाताला अजून तेवढी ओळख नाही, असं म्हणून सोडून दिलं.

चिपळूणला पंपावर मुक्काम. चहावाल्याने त्याच्या टपरीमागच्या भिंतीवरची खूण दाखवली, २२ जुलै २०२१ चं पाणी कुठवर होतं ती. माझ्या डोक्याच्या वर. रात्री आठलाच झोपलो.

तिसरा दिवस : चिपळूण ते कुडाळ

आरवलीपासून पुढे, संगमेश्वर, हातखंबा ते थेट वाकेडपर्यंत, हा रस्ता सगळ्यांत रखडलेला. नवं काँक्रीट सुरू होतं आणि संपतं, मग जुन्या डांबरावरून फुफाटा. या भागात गरम पाण्याचे झरे आहेत, आरवली, तुरळ, राजवाडी. तुरळला गाडी लावून आंघोळ केली. गंधकाचा वास येतो, पण दोन दिवसांची ड्रायव्हिंगची पाठ त्या पाण्यात जशी मोकळी होते तशी कशानेच होत नाही. लहानपणी आजोबा आम्हाला इथे आणायचे.

आमचा गाव तिथून जवळच. फाट्यावरून आत अडीच किलोमीटर. फाटा आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि रस्त्यात माणसं होती. होळीचं झाड आणत होते. पन्नास-साठ जणांनी खांदा दिलेला, ढोल, फाका घालत पुढे चाललेले. मी गाडी थांबवली. पहिल्यांदा त्यांना ओळखलं ते आवाजावरून. माझा चुलत भाऊ पुढे होता. त्याने वर बघितलं, मला ओळखलं आणि झाड खांद्यावर असल्यामुळे हात करता येईना म्हणून नुसती मान उडवली. गेल्या वर्षीपर्यंत त्या झाडाखाली माझाही खांदा असायचा.

झाड पलीकडे गेलं. मी एक हॉर्न दिला आणि निघालो. आईचा फोन पुढच्या चहाला आला, तिला तोपर्यंत कळलं होतं. "फाट्यावरनं गेलास आणि आत आला नाहीस?" मी म्हटलं, "आई, १८ टन लोखंड घेऊन आत कुठे येऊ?" तिला ते पटलं असेल असं वाटत नाही.

हातखंब्याचा उतार सांभाळून घेतला. लांजा, राजापूर. खारेपाटणला सुख नदी ओलांडली की सिंधुदुर्ग आणि तिथून रस्ता इतका चांगला की दोन दिवसांचा शीण कमी झाला. कणकवलीला डिझेल. रात्री साडेनऊला कुडाळ.

चौथा आणि पाचवा दिवस : कुडाळ

दुकान बंद. शेजारच्या घरातले आजोबा बाहेर आले. "आज होळी, उद्या धुळवड. गाडी खाली करूक माणसा खंयसून येतली? परवा सकाळी बघया. तू जेवलंस काय?"

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला निघतानाच मी विचारलं होतं, शिमग्यात माणसं मिळतील का. "सगळं बोलून ठेवलंय," असं उत्तर मिळालं होतं. आता फोन केला तर म्हणाले, थांब. दोन दिवस गाडी उभी राहिली त्याचं हॉल्टिंग मिळणार का, यावर "नंतर बघू". ड्रायव्हरच्या दिवसाचा हिशोब कुणाच्याच कागदावर नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. गाडी चालली तर भत्ता, उभी राहिली तर अर्धा. पण उभी गाडी सोडून मी कुठे जाऊ शकतो? बॅटरी आहे, डिझेल आहे, १८ टन दुसऱ्याचा माल आहे.

मग स्वयंपाक केला. गाडीत छोटा गॅस, दोन टोप, तवा आणि आईने दिलेलं कुळथाचं पीठ असतं. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते. तेलात लसूण, मिरची, जरा कांदा, पाणी घालायचं, पाण्यात कालवलेलं पीठ ओतायचं आणि हलवत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. दोन आमसुलं. आधी पातळ असते, मग एकदम बुडबुडे जड होतात, तेव्हा उतरवायची. भाताबरोबर गरम खाल्ली. वाऱ्यामुळे ज्योत विझू नये म्हणून स्टेपनीच्या आडोशाला बसलो होतो. आजोबांना वास गेला असणार, कारण संध्याकाळी त्यांच्या सुनेने पुरणपोळ्या आणि काजूच्या ओल्या गरांची उसळ पाठवली. मी माझ्याकडची पिठी त्यांना द्यायला लाजलो.

रात्री त्यांच्या वाडीत होळी लागली. बोंबा मारायला मीही गेलो, गाडी दिसेल अशा बेताने उभा राहून. धुळवडीला झोपलो, कपडे धुतले, केबिन झाडली, आरसे पुसले. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. आमची गाडी त्याआधीची. दुपारी दोनला पत्रा असा तापतो की आत बसवत नाही, म्हणून बाहेर फणसाच्या झाडाखाली होतो.

सहावा दिवस : कुडाळ आणि कासार्डे

सकाळी आठला माणसं आली आणि अकराला गाडी रिकामी. वराईवरून, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीवरून, थोडी बोलाचाली झाली, शेवटी अर्धी दुकानदाराने दिली. पोच पावतीवर सही-शिक्का घेतला आणि रिकाम्या गाडीने कणकवली ओलांडून कासार्ड्याला आलो. रिकामी गाडी उड्या मारते, ब्रेकला जास्तच लागते.

परतीचं भाडं सिलिका वाळूचं होतं, तळोज्याच्या एका फाउंड्रीला. कासार्ड्याची ही वाळू काच बनवायला आणि ओतकामाचे साचे करायला जाते. मुठीत घेतली तर बारीक रव्यासारखी, पांढरी, उन्हात चमकते. धुऊन ढीग लावलेला असतो आणि ढिगातून पाणी निथळत असतं. ओली वाळू भरली की पाण्याचंही वजन गाडीवर येतं. लोडरने चार-पाच बकेट जास्त टाकल्या. मी खालून हात करत होतो, त्याने पाहिलं नाही किंवा पाहून सोडून दिलं.

काट्यावर आकडा आला ३१,२४० किलो. आमच्या दहाचाकीचं पासिंग, म्हणजे परवानगी असलेलं वजन, गाडीसकट २८ टन.

शेठला फोन केला. ते म्हणाले, "ये घेऊन. सगळे आणतात. वाटेत पाणी निथळून जाईल." पाणी निथळून तीन टन जात नाहीत. कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. तो शेठचा प्रश्न, पण भोस्ते घाट कुणाचा? मी म्हटलं, "शेठ, घाटात मी एकटा असतो. तीन टन मी उतरवून घेतो." थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग "बघ तुझं," म्हणून फोन ठेवला. असं मी त्यांना पहिल्यांदाच बोललो.

बोलणं सोपं होतं. लोडरवाला तयार होईना, त्याच्या मागे गाड्या उभ्या होत्या. म्हणाला, नंबर सोड आणि शेवटी ये. शेवटी गेलो. मागचा फाळका उघडला, त्याने खालून बकेट लावली आणि उरलेली वाळू मी वर चढून फावड्याने ओढली. त्याला खिशातून ३०० रुपये दिले. अंधार पडल्यावर दुसरा काटा झाला: २७,८६०. ती पावती मी घडी करून लायसन्सच्या पाकिटात ठेवली. ताडपत्री ओढली, दोर बांधला. हाताला फोड आले होते. फाळक्याच्या फटीतून रात्रभर थेंब थेंब पाणी गळत होतं.

सातवा दिवस : कासार्डे ते भरणे

पहाटे निघालो. राजापूर, लांजा आणि मग पुन्हा तो फुफाट्याचा पट्टा. दुपारी एकच्या सुमारास संगमेश्वर मागे पडलं आणि पुढे एक पोरांचा घोळका रस्त्यात आडवा आला. एक संकासूर होता, काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी. "पोस्त द्या, पोस्त द्या!" शिमग्याची पोस्त मागत होते. संकासूर फूटबोर्डवर चढला आणि खिडकीतून आत बघून एकदम आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अरे दादा, तू?" आमच्याच वाडीतला पोरगा, दहावीला आहे.

"पालखी आलीय खालच्या वाडीत, फाट्याजवळ. गाडी लाव ना."

या वेळी लावली. रस्ता सोडून चांगली आत, चाकांना दगड लावले. पालखी शेवटच्या घराच्या अंगणात होती. आईही तिथेच होती. मला बघून काही बोलली नाही, पदराने माझ्या कपाळावरची वाळू पुसली. नारळ आणायला भावाला पाठवलं.

गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांनी मला लहानपणापासून पाहिलंय. नारळ हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली, "बा देवा महाराजा..." आणि मागून सगळे, "व्हय महाराजा!" नोकरीधंद्याचं, आजाराचं, लग्नाचं सगळ्यांचं झालं. मग ते माझ्याकडे वळले. "हे तुझं लेकरू रात्रीचा दिवस करून रस्त्यावर फिरतं. त्याच्या चाकाखाली कुणी येऊ नये, त्याच्यावर कुणी येऊ नये. घाटात त्याची गाडी धरून ठेव, महाराजा!" "व्हय महाराजा!" सगळ्यांच्या आवाजात आईचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

मग पालखी पाच मिनिटं माझ्याही खांद्यावर नाचली. फोड आलेल्या हातांनी दांडा धरवत नव्हता, तरी सोडला नाही. भावाने गाडीच्या पुढच्या काचेखाली गुलाल लावला. अर्ध्या तासाच्या वर थांबलो नाही.

चिपळूण, परशुराम चढलो, लोटे. तात्यांना फोन केला. भोस्ते घाटाच्या माथ्यावर थांबून दोर पाहिला, तिसरा टाकला. वाळू सळईसारखी बोलत नाही. ती मुकाट पाठीमागून ढकलत असते आणि वळणावर सगळं वजन बाहेरच्या चाकांवर घेते. वळणं हळू घेतली. २७,८६० चा आकडा डोक्यात होता, आणि ३१,२४० चाही.

भरणे नाक्याला तात्या रस्त्याच्या कडेला उभे होते. लुंगी, अंगावर शिमग्याचा गुलाल, हातात डबा. मी गाडी लावून खाली उतरलो तर त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि काही न विचारता पुढच्या चाकाकडे गेले. उलटा हात. मग पलीकडचं. मग मागच्या जोड्या, एकेक. मी डबा धरून त्यांच्या मागे मागे. मागच्या डाव्या चाकाजवळ हात जरा जास्त वेळ राहिला.

"ही तापतेय."

"मला पण परशुरामच्या खाली तसंच वाटलेलं, तात्या. पण नक्की कळेना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग बोललास का नाय?"

"हाताला तेवढी ओळख नाही म्हणून..."

"हाताला व्हती की," तात्या म्हणाले. "उद्या तिकडं पोचलास की ब्रेकचा ॲडजस्टर बघून घे. आणि बाकीच्या सारख्या हायत."

डब्यात पुरणपोळ्या आणि वाटीभर कटाची आमटी होती. नाक्यावरच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघांनी खाल्ल्या. काट्याची पावती दाखवली. त्यांनी चष्मा नव्हता म्हणून ती लांब धरून वाचली, परत दिली आणि म्हणाले, "रात्री कशेडीला बोगद्याने जा."

आठवा दिवस : तळोजा

सकाळी नऊला वाळू खाली झाली. दुपारी कळंबोलीत गाडी मेकॅनिककडे लावली. मागचं डावं चाक खोललं. स्लॅक ॲडजस्टर गंजून अडकला होता, पाय सोडला तरी ब्रेक पुरता सुटत नव्हता. लायनर एका बाजूला काचेसारखा झाला होता. दीड तास लागला. मी जुना लायनर उचलून त्यावरून बोट फिरवलं आणि तात्यांना फोन लावला.